भोंग्यावरचा निरोप

मोबाईल आमच्या भागात नुकतेच लोकांच्या खिशात आले होते, तेव्हा मंचरला ग्राहक दिनाचा एक कार्यक्रम झाला. शाळेतून दोन शिक्षक पाठवा असं पत्र आलं आणि सभेत झोपत नाही या ख्यातीवर मला पाठवण्यात आलं. दीपप्रज्वलनाला समईतलं तेल कमी पडलं. शेवटच्या दोन पाहुण्यांनी विझलेल्या वातींना काडी दाखवून फोटोपुरतं प्रज्वलन केलं. मग सत्कार झाले. ज्यांनी सत्कार केले त्यांचेही झाले. पुण्याहून आलेले वक्ते बोलायला उभे राहिले तेव्हा मागच्या बाजूने आमटीचा वास येऊ लागला होता.

वक्ते तरुण होते आणि, अशा कार्यक्रमात सहसा घडत नाही तसं, त्यांना विषय येत होता. दुकानदार, बँक, फोनवाले, दवाखाना सगळेच आपली माहिती घेतात, ते सांगत होते. नाव, पत्ता, वय, आजार. घेतली म्हणून ती त्यांची होत नाही. ज्याची माहिती आहे त्याला विचारल्याशिवाय ती तिसऱ्याला देऊ नये, चुकीची असेल तर ती दुरुस्त करून मागता यावी, नको असेल तर पुसून टाका म्हणता यावं. परदेशात याचे कायदे आहेत, आपल्याकडे असा कायदा अजून नाही, पण हवा.

माहितीच्या अधिकाराची तेव्हा नवी नवी चर्चा होती, त्यामुळे लोकांचा थोडा घोळ झाला. मागून एक टोपीवाले उठले. "साहेब, शेजाऱ्यानं कांद्याच्या चाळीत किती माल दाबून ठिवलाय, ह्ये अर्ज करून कळंल का?"

वक्ते म्हणाले, "काका, मी नेमकं उलटं सांगतोय."

"मंग उपेग काय?" म्हणून ते खाली बसले.

हे चालू असताना एक कागद रांगारांगांतून फिरत होता. नाव, पत्ता, जन्मतारीख, मोबाईल नंबर, वार्षिक उत्पन्न. हे कशासाठी, असं कोणीही विचारलं नाही. पेन उठत नाही, एवढी एकच तक्रार आली. पुढच्या पंधरवड्यात मला विमा घ्या, कर्ज घ्या असे गोड हिंदीतले फोन यायला लागले, तेव्हा तो कागद कुठे गेला असावा याचा अंदाज आला.

पण वक्ते जे सांगत होते ते मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. दहाएक वर्षांपूर्वी ते मी माझ्या धाकट्या बहिणीच्या तोंडून ऐकलं होतं. तेव्हा तिच्या हातांना कोपरापर्यंत चिखल होता आणि समोर श्रोता एकच होता.

आमचं गाव आंबेगावच्या पूर्व अंगाला, लोणीच्या अलीकडे. नव्वदनंतर कधीतरी मारुतीच्या देवळाला लागून गावातला पहिला एसटीडी बूथ उभा राहिला. चालवणाऱ्यांना सगळं गाव आण्णा म्हणे. आधी त्यांची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय त्यांनी बूथमध्येही सोडली नाही, त्यामुळे ते पुण्याशी बोलत तेव्हा मध्ये तारेची गरज आहे असं वाटत नसे.

भोसरीला, मुंबईला कामाला गेलेली माणसं आण्णांकडे फोन करत. घरोघर फोन नव्हते, म्हणजे निरोप घेऊन कुणीतरी पळायला हवं. देवळाचा भोंगा हाताशीच होता. सुरुवातीला आण्णा फक्त नाव पुकारत: अमक्याचा फोन हाय, पाच मिन्टात पुन्यांदा करणार हायेत. पण माणूस लांब शेतात असला की त्याची धावपळ व्हायची, आणि तो पोचेपर्यंत पलीकडचा कंटाळून गेलेला असायचा. मग आण्णांनी निरोपच भोंग्यावरून द्यायला सुरुवात केली. "मुंबईचा पोरगा शनवारी येणार न्हाई, वाट बघू न्हाई." "सूनबाईला मुलगा झाला, दोघं खुशाल हायेत." "पोराला नोकरीची ऑर्डर आली, बापानं दाढी करून फोनवर यावं." फोनवर यायला दाढी कशाला, हे आण्णांना कुणी विचारलं नाही. कुणाचं काय चाललंय ते गावाला बसल्या जागी कळू लागलं आणि गावाने ते आनंदाने मानून घेतलं.

आण्णांचा एक नियम मात्र होता. वाईट बातमी भोंग्यावर जात नसे. कुणी गेलं, अपघात झाला, तर ते बूथला कुलूप लावत, चपला घालत आणि त्या घरी चालत जात. ओट्यावर बसत, पाणी मागत, गुराढोरांचं विचारत आणि मग हळूच सांगत. त्यामुळे भरदुपारी आण्णा एखाद्या आळीकडे चालत निघालेले दिसले की त्या आळीतल्या बाया हातातलं काम थांबवून दारात येत, आणि ते आपलं दार ओलांडून पुढे गेले की श्वास सोडत. आनंद सगळ्यांचा असतो आणि दुःख त्या घरापुरतं, असा त्यांचा हिशेब होता. मला तो हिशेब आवडायचा. वर्तमानपत्रांत इतकाही विचार केलेला मी पाहिला नव्हता.

त्या वर्षी उन्हाळ्यात बहिणीच्या मानेला गाठ आली. बारावी होऊन ती मंचरला शिवणक्लासला जात होती. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठीचा टीबी आहे, कुणाला लागत नाही, काही महिने गोळ्या घेतल्या की पूर्ण बरा होतो. एवढ्या सगळ्यातला आईने टीबी हा एकच शब्द ऐकला. वडील जाऊन काही वर्षं झाली होती. थोरला भाऊ भोसरीला कंपनीत होता, घरी आई, बहीण आणि मी. ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाणार नाही, असं आईने ठरवलं. दवाखान्याला जायचं ते शिवणक्लासच्या नावाखाली. बहीण ओढणी गळ्याशी गुंडाळून घेऊ लागली आणि गोळ्या मुकाट्याने घेत राहिली.

दिवाळीनंतर ओझरकडचं स्थळ आलं. मुलगा नारायणगावला दुधाच्या डेअरीत नोकरीला. बघण्याच्या कार्यक्रमात मध्यस्थांनी मोठ्या मनाने जाहीर केलं की मुलामुलीला मोकळेपणाने बोलू द्या. मोकळेपणा आमच्याकडे तेव्हा नुकताच आला होता आणि तो आला की त्याच्याबरोबर आत्याही यायची. आत्या दोघांच्या मध्ये तांदूळ निवडत बसली. त्याने विचारलं, क्लासमध्ये काय काय शिकवतात? तिने सांगितलं, आता कॉलरपर्यंत आलोय. यापलीकडे आत्याने त्यांना जाऊ दिलं नाही.

तो तिला आवडला होता. तसं ती बोलली नाही, पण ओझरला एसटी किती वाजता असते, हे तिने मला दोनदा विचारलं.

त्यांच्याकडून होकार आला. संकष्टीला दोन्हीकडच्यांनी ओझरला गणपतीच्या देवळात भेटायचं आणि तिथेच सुपारी फोडायची, असं ठरलं. त्या रात्री आमच्या घरात भांडण झालं.

आई म्हणाली, "पोरगी बरी झाली. आता कसला आजार नि कसलं काय. तोंडातून काढायचं न्हाई."

मी म्हणालो, मध्यस्थांच्या कानावर घालू, ते योग्य शब्दांत सांगतील.

बहीण चुलीपुढे बसली होती. तिने फुंकणी खाली ठेवली. "तुमी दोघंबी माझ्याबद्दल बोलताय आन मला कुणी इचारंना. मी सांगणार हाय. पर मी सांगणार. सुपारीच्या आधी, त्येंना बाजूला घिऊन. माझ्या तोंडून ऐकलं तर किती व्हतं आन किती नव्हतं ते कळंल. दुसऱ्यानं सांगितलं तर माझी गाठ त्याच्या मनाला येईल तेवढी मोठी व्हईल."

"आन ते न्हाई म्हणले तर?" आईने विचारलं.

"तर माझं ऐकून न्हाई म्हणतील. भाऊबंदांचं ऐकून न्हाई."

 तव्यावरची भाकरी करपली.

तिला फक्त शेवटच्या रिपोर्टची खात्री हवी होती. तो थोरला शनिवारी पुण्यातून घेणार आणि फोन करणार होता. तिने त्याला बजावलं होतं, आण्णांना एवढंच सांग की मला बोलवा, बाकी मला सांग.

शनिवारी माझी सकाळची शाळा. दुपारी मी शेतात चहा घेऊन गेलो. कांद्याची लागण चालली होती. वाफ्यात बाया वाकलेल्या, रोपं बोटाने चिखलात दाबत पुढे सरकत होत्या, त्यात बहीण. मी बांधावर किटली ठेवली तेवढ्यात देवळाचा भोंगा खरखरला.

"हॅलो, हॅलो. मास्तरांच्या बहिणीसाठी निरोप. पुण्यावरून थोरल्या बंधूंचा फोन व्हता. रिपोर्ट एकदम चांगला आलाय. मानंची गाठ गेली, टीबीच्या गोळ्या आजपासून बंद. घरच्यांनी काळजी करू न्हाई. तसंच, सोसायटीत युरिया आलेला हाय, ज्यांना पायजे त्यांनी पोती घिऊन यावं."

नंतर कळलं ते असं. कंपनीजवळच्या बूथमध्ये थोरल्याच्या मागे मोठी रांग होती, रिपोर्ट वाचून त्याला इतकं हायसं वाटलं होतं की आण्णांनी "काय इशेष?" असं सहज विचारलं आणि त्याने सांगून टाकलं. आण्णांनी ते आपल्या नियमात बसवून पाहिलं. बातमी चांगली होती. चांगली बातमी भोंग्यावर.

वाफ्यात सगळ्यांची बोटं चिखलातच थांबली. मग आत्याच बोलली. हीच ती तांदूळ निवडणारी. "अगंबाई. आन आमाला वाटायचं, पोरगी फॅशन म्हणून वढणी गुंडाळती."

"टीबी म्हंजी खोकल्याचाच ना गं?" दुसरीने विचारलं. "आमच्या शेजारी बसून जेवली की परवा."

बहिणीने हातातलं रोप लावलं. त्याच्या शेजारी आणखी एक लावलं. मग कुणाकडेही न पाहता ती म्हणाली, "आत्या, तुमची रांग मागं राहिली," आणि उठली.

त्या बायांमध्ये मध्यस्थांची भावजय होती. मध्यस्थ संध्याकाळच्या एसटीने ओझरला जाणार होते, संकष्टीचं पक्कं करायला. म्हणजे दिवेलागणीला बातमी तिकडे पोचणार, आणि एसटीच्या प्रवासात बातमीला काय काय फुटतं ते मला माहीत होतं. बहिणीलाही. ती बांध ओलांडून गावाकडे निघाली. हात धुवायलाही थांबली नाही. मी किटली तिथेच सोडून तिच्या मागे गेलो.

बूथमध्ये आण्णा खूश होते. आम्हाला पाहून म्हणाले, "या, या. पेढं कुठायत?"

ती दारात उभी राहिली. "आण्णा, ते तुमी का सांगितलं?"

"अगं, चांगली बातमी व्हती."

"चांगली व्हती. पर माझी व्हती."

आण्णा हसले, मग हसायचे थांबले. "तुझीच की. मी कुठं माझी म्हणलो?"

"मला आधी मिळाया पायजे व्हती. मग कुणाला सांगायची, ते मी बघितलं असतं. एका माणसाला मला सवता सांगायचं व्हतं. आता त्याला आख्खा गाव सांगंल."

हे ती अगदी हळू बोलली. ते कोण माणूस, हे आण्णांना सांगावं लागलं नाही. स्थळाची बातमीही त्यांच्याच बूथवरून आली होती. त्यांनी फोन पुढे ओढला. मग म्हणाले, "डेअरीचा नंबर हाय का?"

नंबर माझ्याकडे होता. संध्याकाळचं दूध यायच्या आधी मुलगा तिथे असणार होता. पण बूथमध्ये बाकावर दोघं जण बसलेले, एकाला मुंबई हवी होती, दुसऱ्याला नुसतं बसायचं होतं. आण्णा त्यांना म्हणाले, "उठा. भाईर व्हा."

"आमचा नंबर हाय, आण्णा."

"लाईन खराब हाय."

ते बाहेर आले तोवर बहीण काचेआड फोन कानाला लावून बोलू लागली होती. मुंबईवाल्याने तिकडे बोट दाखवलं. "लाईन खराब हाय तर ती कुणाशी बोलती?"

"खराब लाईनीशी," आण्णा म्हणाले. "तू लांब हो."

पण बूथचं दार नीट लागत नव्हतं, आणि बाहेर आता आणखी चारदोन माणसं सहज म्हणून जमली होती. आण्णांनी इकडे तिकडे पाहिलं, लगबगीने देवळात गेले आणि भोंग्यावर भजनाची कॅसेट लावली, आवाज पूर्ण. कुणाला काही ऐकू जाऊ नये म्हणून. क्षणभर सगळं गाव टाळांनी भरून गेलं. बूथचं दार उघडलं आणि बहिणीने डोकं बाहेर काढलं. "आण्णा, बंद करा ते. मला त्येंचं ऐकू येईना."

भजन मध्येच तुटलं. मग आण्णांनी हात पसरून, गुरं हाकावी तशी, सगळ्यांना पारापर्यंत मागे नेलं. मलाही. सख्खा भाऊ म्हणून मला काही सवलत मिळाली नाही. पारावरून काचेआडची तिची पाठ तेवढी दिसत होती. एकदा तिने मान हलवली. एकदा रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि त्याला चिखल लागला. बराच वेळ ती नुसतंच ऐकत होती.

बाहेर आली तेव्हा तिने आण्णांना पैसे विचारले. आण्णा म्हणाले, "मीटर बंद व्हतं." मीटर चालू होतं, आम्ही तिघांनीही ते पाहिलं होतं.

घरी आईने विचारलं, "काय म्हणले?"

"बोलले," बहीण म्हणाली आणि हात धुवायला गेली.

त्याच संध्याकाळी आण्णा आमच्या आळीकडे चालत निघालेले दिसले. बाया दारात आल्या. आई उंबऱ्याशी आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिला वाटलं, थोरल्याला काही झालं. आण्णा ओट्यावर बसले, पाणी मागितलं, म्हशीची चौकशी केली, थंडी यंदा लई हाय म्हणाले. मग बहिणीकडे पाहून म्हणाले, "माझं चुकलं, पोरी. चांगलं-वाईट मी ठरवीत व्हतो. ते ज्याचं त्याला ठरवू द्यायला पायजे."

बहिणीने त्यांना चहा केला. चहा फार गरम होता की काय कोण जाणे, आण्णा फुंकून फुंकून बराच वेळ पीत बसले.

पुढच्या दिवसापासून भोंग्यावर फक्त नावं यायला लागली. अमक्याचा फोन, एवढंच. गावाला ते अजिबात पटलं नाही. आण्णा आता काय सांगत न्हाईत, मग गावात बूथ असून काय फायदा, अशी कुरकुर पुष्कळ दिवस चालली. कुणी फारच खोदून विचारलं तर आण्णा म्हणत, "ज्याचा फोन त्याला इचार, राव." आत्याने आण्णांशी महिनाभर अबोला धरला.

संकष्टीला आम्ही ओझरला गेलो. दर्शन झालं, आणि देवळामागे धरणाच्या पाण्याकडे तोंड करून सतरंजी टाकून दोन्हीकडची माणसं बसली. मुलाचे मामा फेटा बांधून आले होते. ते भागातल्या बऱ्याच समित्यांवर असत आणि सतरंजीवरसुद्धा व्यासपीठावर बसल्यासारखे बसत. त्यांनी घसा साफ केला.

"आमी मोकळी माणसं. आमच्या कानावर आलंय की मुलीला काही आजार व्हता. भोंग्यावर पुकारला व्हता म्हणं. तर उपस्थितांपैकी कुणीतरी खुलासा करावा."

 आईने पदर घट्ट धरला. मध्यस्थ देवळाच्या कळसाकडे पाहू लागले. खुलासा करायला मी तोंड उघडणार तेवढ्यात मुलगाच म्हणाला, "मामा, मला म्हाईत हाय. तिनं सांगितलंय."

"काय सांगितलं?"

"आमचं बोलणं झालंय."

"आरं पर आमाला कळाया नको व्हय?"

"माझ्याकडून न्हाई," तो म्हणाला. आवाज वाढवला नाही, नजरही वर केली नाही.  मामा मग आईकडे वळले, आईकडून माझ्याकडे, माझ्याकडून मध्यस्थांकडे.

"मामा," बहीण म्हणाली, "मला इचारा ना. मी हितंच बसलीय."

मामा थांबले. अशा बैठकीत मुलीला प्रश्न विचारायचा तो स्वयंपाक येतो का इतपत, याच्या पलीकडचा अनुभव त्यांना नसावा. पण माणूस मुळात चांगला होता. ते सतरंजीवर थोडे पुढे सरकले, फेटा मागे सारला आणि घरातल्या आवाजात म्हणाले, "काय झालं व्हतं गं तुला?"

तिने सांगितलं. मानेला गाठ, गोळ्या, किती महिने, डॉक्टर काय म्हणाले, आता काय. कुणाला लागत नाही हेही सांगितलं. सगळं मिळून एक कप चहा थंड होईल एवढाही वेळ लागला नाही.

"एवढंच?" मामा म्हणाले.

"एवढंच."

मामांनी मध्यस्थांकडे पाहिलं. "तुमी तर पार फुप्फुसं काढल्याचं सांगत व्हता." मध्यस्थ पिशवीत सुपारी शोधू लागले. ती वरच होती.

लग्नाला आता पुष्कळ वर्षं झाली. त्या दिवशी काचेआड ती त्याला काय म्हणाली आणि तो काय म्हणाला, हे मला आजही माहीत नाही. एका दिवाळीला ती दोघं आमच्याकडे आली असताना ओसरीवर मी मेहुण्यांना विचारलं. ते हसले आणि आत, जिथे ती आईशी बोलत होती, तिकडे बघत म्हणाले, "तिला इचारल्याबिगर कसं सांगू, भाऊ?"

मी तिला विचारलं नाही.